मार्सेलीनचा उजवा हात

मादाम कास्तानिए यांच्या बैठकीच्या खोलीत, जिथं लोक सहसा आजोबांचा फोटो लावतात तिथं, सोनेरी चौकटीत एक कार्ड लावलेलं होतं. तळहाताएवढं. पांढऱ्या कागदातून कापलेलं अक्रोडाचं झाड, प्रत्येक पान सुटं, आणि झाडाखाली एक रिकामी खुर्ची. चौकटीखालच्या पितळी पट्टीवर कोरलं होतं, ‘कलाकार : मादाम मार्सेलीन रूबो’.

दोन्ही हातांत बॅगा घेतलेला आन्सेल्म रूबो दारातच थबकला. कार्ड त्यानं लगेच ओळखलं. गेल्या सप्टेंबरात त्यानंच ते आपल्या गराजमध्ये बसून केलं होतं, तीन दुपारी घालवून. मागून येणारी मार्सेलीन त्याच्या पाठीवर आदळली. मग तिनंही वर पाहिलं आणि नवऱ्याच्या बरगडीत कोपर मारलं. हळूच, पण नेमक्या जागी.

“पाहिलंत ना?” मादाम कास्तानिए ॲप्रनला हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. या घरातल्या दोन खोल्या त्या सुट्टीवर येणाऱ्यांना देत, आणि रूबो जोडपं सलग दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडे उतरत होतं. “तुम्ही गेलात आणि पंधरा दिवसांनी पोस्टमननं हे आणून दिलं. तीस वर्षं मी लोकांना ठेवून घेतेय. उशा पळवल्या लोकांनी, पण आभाराचं कार्ड कुणी पाठवलं नव्हतं. मी तर रडलेच.”

“एवढं काही नाही त्यात,” मार्सेलीन म्हणाली. ते तरी खरं होतं. तिच्या बाजूनं त्यात काहीच नव्हतं.

“मला माहीत होतं तुम्ही असंच म्हणाल. म्हणून मी तुम्हाला न विचारताच ठरवून टाकलं.” मादामनी कपाटामागून एक गुंडाळी काढून टेबलावर पसरली. बुधवारी गावची जत्रा होती आणि मादाम जत्रा समितीच्या अध्यक्ष होत्या. पोस्टरवर बदकं, फटाके, अकॉर्डियन अशी सगळी गर्दी होती, पण सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘सकाळी अकरा वाजता, बाजाराच्या छपराखाली : कार्डकलेचं प्रात्यक्षिक. सादरकर्त्या मादाम मार्सेलीन रूबो’.

“तासाभराचंच आहे,” मादाम म्हणाल्या. “मागच्या वर्षी टोपल्या विणणारा बोलावला होता. तो प्यायला आणि टोपलीत झोपला. यंदा समितीची अब्रू तुमच्या हातात आहे.”

मार्सेलीननं आपल्या हातांकडे पाहिलं.

हे प्रकरण आठ वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. आन्सेल्म चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. रेड्यासारखा देह, गाजरासारखी बोटं. पण याच बोटांनी त्यानं जन्मभर इंजिनांच्या सांध्यांत बसवायची कागदी गॅस्केटं कापली होती, पातळ पात्याच्या सुरीनं, केसभर इकडंतिकडं न होऊ देता. निवृत्त झाल्यावर गॅस्केटच्या कागदाचा गठ्ठा उरला, सुरी उरली, वेळ तर उरलाच. मार्सेलीनच्या मावशीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला दुकानातली चकचकीत कार्डं बघून त्याला कसंतरीच झालं, म्हणून त्यानं एक कोंबडी कापली, पिसापिसासकट. ती जेवणाच्या टेबलावर या हातातून त्या हातात फिरली. “कुणी केली ही?” असं कुणीतरी विचारलं तेव्हा आन्सेल्मच्या शेजारी बार्नाबे बसला होता.

बार्नाबे म्हणजे रूबोंच्या गावच्या पेतांकच्या मैदानावरचा पुढारी. रोज संध्याकाळी लोखंडी गोळे फेकणाऱ्या त्या चौकडीत एकानं वीस वर्षांपूर्वी एकदा गुलाबी मोजे घातले होते; बार्नाबे त्याला अजून ‘नवरीबाई’ म्हणून हाक मारायचा. आन्सेल्मनं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “मार्सेलीननं.”

त्या एका शब्दावर आठ वर्षं रेटली गेली. बाप्तिस्मे, लग्नं, नाताळ, बढत्या, अपेंडिक्सची ऑपरेशनं. कार्डं गराजमध्ये व्हायची, मार्सेलीनच्या नावानं जायची आणि बदल्यात मधाच्या बरण्या नि जर्दाळूचा मुरांबा यायचा. मार्सेलीननं तीस वर्षं शाळेची बस चालवली होती, घाटातून, बर्फातून, एकाही पोराला खरचटू न देता. निरोपाला तिला एक कुंडी मिळाली, तीही सुकत आलेली. न केलेल्या कार्डांसाठी मात्र लोक तिचा हात दोन्ही हातांत धरायचे.

खोलीत येऊन दार लावल्यावर ती पलंगावर बसली. “सांगून टाक त्या बाईला.”

“सांगतो.”

“आत्ता.”

“आत्ता ती चुलीवर बदक परततेय. उद्या सकाळी सांगतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मादाम लवकरच चर्चला गेल्या. टेबलावर पाव, लोणी आणि किल्ल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी ठेवलेली होती. मार्सेलीनला सुट्टीत बघायची ठिकाणं एकामागोमाग एक बघायची असत. ती तसं वहीत लिहूनच निघे: रविवारी किल्ला, सोमवारी नदीवरची गिरणी, मंगळवारी गुहा. आन्सेल्म सोबत चाले, आणि सगळे कमानीचे फोटो काढत असताना कमानीचे दगड कसे बसवलेत ते बघत राही.

किल्ल्याच्या तिकीटखिडकीवर ते पोस्टर होतं. खिडकीतली बाई एकदा मार्सेलीनकडे आणि एकदा तिच्यामागच्या आन्सेल्मकडे पाहून म्हणाली, “उंच बाई आणि मागं कपाटाएवढा नवरा. तुम्हीच त्या. मादाम कास्तानिएंचा फोन आला होता. जा आत, तिकीट नको.”

“पण आम्हाला द्यायचंय,” मार्सेलीन म्हणाली.

“कलाकारांकडून घेत नाही आम्ही.”

बुरुजाच्या एकशेचौदा पायऱ्या चढून दोघं वर पोचले. खाली नदीचं वळण, द्राक्षमळे, तांबडी कौलं, सगळं जिथल्या तिथं होतं. मार्सेलीन कठड्याला टेकली. “मला चोरी केल्यासारखं वाटतंय. आज दुपारी सांग, नाहीतर मी सांगते.”

“दुपारी नक्की,” आन्सेल्म म्हणाला, आणि तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला.

“काय रे लेका,” पलीकडून बार्नाबेचा आवाज आला, “बायकोचं नाव पेपरात. चौथ्या पानावर, गारपिटीच्या बातमीशेजारी. सांगितलं नाहीस ते?”

“राहून गेलं.”

“आम्ही येतोय बुधवारी. आम्ही तिघं आणि आमच्या तिघी. बायका नुसत्या अंगात आल्यासारख्या करतायत. मला एक सांग, ती तिथं कला दाखवणार तेव्हा तू काय करणार? पिशव्या धरणार?”

“हो,” आन्सेल्म म्हणाला. “पिशव्या.”

त्यानं फोन खिशात ठेवला. मार्सेलीननं त्याच्या चेहऱ्याकडे बघून काही विचारलं नाही. बत्तीस वर्षांच्या संसारानंतर काही गोष्टी विचारायच्या नसतात. खाली उतरताना ती एवढंच म्हणाली, “मग आता मला शिकावं लागणार.”

सोमवारी गिरणीच्या काठावर, गवतात पंचा पसरून शिकवणी झाली. आन्सेल्मनं आणलेलं सामान मांडलं: जाड कागद, घडी दाबायची हाडाची पट्टी, सुरी, चिमटा, डिंकाची बाटली. तो हळू आवाजात समजावून सांगत होता. कागदाला उभा किंवा आडवा धागा असतो. घडी धाग्याच्या दिशेनं घालायची. आधी आतलं कापायचं, मग बाहेरचं. डिंक अगदी शेवटी, काडीच्या टोकावर राईएवढा. मार्सेलीन जीभ दातांत धरून कापत होती. बारा टनांची बस बर्फाळ वळणावर मागं घेणाऱ्या त्या हातांचं कागद काही ऐकत नव्हता.

तासाभरानं तिनं कार्ड पुढं केलं. “किल्ला.”

आन्सेल्मनं ते उघडलं, फिरवलं, पुन्हा उघडलं. “यावर कुणी बसलं होतं का?”

मार्सेलीननं कार्ड त्याच्या हातातून घेतलं आणि गिरणीच्या पाण्यात सोडून दिलं. किल्ला थोडा वेळ तरंगला, मग चाकाखाली गेला. गिरणीच्या दारावरही पोस्टर होतंच.

मंगळवारी ते गुहा बघायला गेले. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी तिथं भिंतीवर घोडे काढून ठेवले होते. वाटाड्या कंदील धरून सांगत होता की हे कुणी काढले ते कुणालाच ठाऊक नाही. “सुखी माणूस,” मार्सेलीन पुटपुटली. बाहेर येताना शेवटच्या ओल्या पायरीवर ती थांबली आणि मागं वळली.

“आन्सेल्म, मी पडले.”

“कधी?”

“आत्ता. या पायरीवरून. उजवा हात मुरगळला.”

आन्सेल्मनं पायरीकडं पाहिलं, तिच्या धडधाकट हाताकडं पाहिलं आणि त्याच्या डोक्यात उजाडायला थोडा वेळ लागला. मग मात्र तो इतका खूश झाला की औषधाच्या दुकानात त्यानं दोन बँडेजं घेतली. गाडीत बसूनच त्यानं तिचा हात बोटांपासून कोपरापर्यंत बांधला. बँडेज इतकं सुबक बसलं होतं की मार्सेलीननं ते थोडं विस्कटायला लावलं.

मादाम कास्तानिएंनी तो हात पाहिला आणि खुर्चीत बसल्या. “कुठं झालं हे?”

“गुहेत. चूक माझीच होती.”

“तुम्ही फार चांगल्या आहात, म्हणून असं म्हणताय.” मादामनी फोन उचलला. पुढची दहा मिनिटं त्या गुहेच्या व्यवस्थापकाशी ज्या आवाजात बोलल्या, तो आवाज रूबो दांपत्यानं याआधी ऐकला नव्हता. मार्सेलीन डाव्या हातानं नको नको करत राहिली. तासाभरात एक बारीक चणीचा, घामेजलेला गृहस्थ अक्रोडाचा केक घेऊन दारात उभा राहिला.

“पंचवीस वर्षांत माझ्या गुहेत कुणी पडलं नव्हतं,” तो टोपी हातात गोल गोल फिरवत म्हणाला. “पायरीला दोरी बांधलीय, दिवा लावलाय. उद्या रबर बसवतोय. मादाम, फार दुखतंय का?”

“अजिबात नाही,” मार्सेलीन म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून त्या माणसाचे खांदे आणखी खाली गेले.

तो गेल्यावर आन्सेल्मनं घसा साफ केला. “तर मग मादाम, उद्याचा कार्यक्रम काही होणार नाही. वाईट वाटतं.”

“का होणार नाही?” मादाम म्हणाल्या. “हात दुखावलाय, जीभ तर ठीक आहे? यांनी बसून सांगायचं आणि तुम्ही करायचं. उलट मजा येईल. मस्यू रूबो, माफ करा, पण तुमच्या या हातांनी जर कागद कापला गेला, तर गावातल्या कुणालाही जमेल.”

खोलीत गेल्यावर दोघांनी आधी दार लावून घेतलं. मग आन्सेल्म म्हणाला, “मी वाईट करीन. बार्नाबे समोर असणार.”

“किती वाईट?”

“माफक. लोकांना वाटेल, पहिल्यांदाच करतोय.”

“आणि मी काय सांगायचं? मला काहीच येत नाही.”

“काहीही सांग. मी तुझं ऐकून चुकीन.”

बुधवारी बाजाराच्या लाकडी छपराखाली बाकं कमी पडली. पहिल्या रांगेत मादाम कास्तानिए, शेजारी गुहेचा व्यवस्थापक. दुसऱ्या रांगेत बार्नाबे, नवरीबाई, तिसरा भिडू आणि तिघांच्या बायका. बार्नाबेनं येताना आणलेलं सॉसेज पावात घालून खायला सुरुवात केली होती. टेबलामागं मार्सेलीन ताठ बसली, बँडेजमधला हात गळ्यातल्या रुमालात. शेजारी आन्सेल्म. मादामचा फुलाफुलांचा ॲप्रन कुणीतरी त्याच्या गळ्यात अडकवला होता, तो त्याच्या छातीवर पंगतीतल्या रुमालासारखा दिसत होता.

“आज आपण किल्ला करणार,” मार्सेलीन म्हणाली. बोलता बोलता तिचा आवाज सापडला. तो तिचा बसमधला आवाज होता, सव्वीस पोरांना एका दमात खाली बसवणारा. “आन्सेल्म, कागद घे. सरळ धर. इकडंतिकडं बघू नकोस, समोर बघ. घडी घाल.”

आन्सेल्मनं घडी घातली. मुद्दाम वाकडी.

“ट्रॅक्टरचं चाक बसवतोयस का रे?” बार्नाबे मागून म्हणाला. छप्पर हसलं. आन्सेल्मचे कान तांबडे झाले.

“मागच्या सीटवरच्यांनी गप्प बसायचं,” मार्सेलीन म्हणाली, आणि बार्नाबे खरोखरच गप्प बसला. “घडी वाकडी झाली. मागं घे. घाई नाही, रस्ता कुठं पळून जात नाही. आता पुन्हा.”

आन्सेल्मनं पुन्हा घातली. या वेळीही ती वाकडीच घालायची होती, पण बोटांनी ऐकलं नाही.

“छान. आता डिंक लाव.”

“आधी कापतात,” आन्सेल्म म्हणाला.

शब्द तोंडून निघून गेला होता. बार्नाबेचा घास गालातच राहिला. मार्सेलीननं नवऱ्याकडे पाहिलं; घाटात समोरून लॉरी आल्यावर ती असंच बघायची.

“तेच बघत होते,” ती म्हणाली. “लक्ष आहे की नाही. बघा मंडळी, विद्यार्थ्याला अधूनमधून चुकीचं सांगायचं. जागा आहे की झोपलाय, ते कळतं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मादाम कास्तानिएंनी शेजारच्या बाईकडे बघून मान डोलावली.

त्यानंतर आन्सेल्मला काही भान राहिलं नाही. सुरीचं पातं कागदात शिरलं आणि त्याला गराजमधल्या दुपारी आठवल्या. मार्सेलीन सांगत होती, “आता डावीकडं वळ. हळू. वळणावर वेग कमी. इथं थांब, श्वास घे, मग निघ.” आणि गंमत म्हणजे ती सांगत होती ते पुष्कळसं बरोबर होतं. कागदालाही वळणं असतातच. बुरुज कापून झाला, खिडक्या झाल्या, तटावर एक पाकोळी झाली, नखाएवढी, पंख पसरलेली. काडीच्या टोकावर राईएवढा डिंक. पाऊण तासानं त्यानं कार्ड मिटलं, लोकांकडे केलं आणि उघडलं. किल्ला उभा राहिला.

लोक माना उंचावून बघायला लागले. मग मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, “तो आमचाच किल्ला आहे.” आणि सगळेच उठून टेबलापाशी आले.

आन्सेल्मनं मान वर केली. आठ वर्षांत पहिल्यांदा लोक त्याचं कार्ड त्याचं म्हणून बघत होते. बार्नाबेला काय म्हणायचं ते म्हणू दे, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

“मादाम रूबो,” मादाम कास्तानिए गहिवरून म्हणाल्या, “पाऊण तासात. या माणसाकडून. तुम्ही कलाकार आहात ते माहीत होतं, पण तुम्ही शिक्षक आहात.”

“काय शिकवलंस गं,” बार्नाबेची बायको मार्सेलीनचा डावा हात धरून म्हणाली. “आमच्या याला परवा बल्ब बदलता आला नाही.”

“या बैलाला शिकवलंस म्हणजे तू दगडाला शिकवशील,” बार्नाबे म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा कमी आणि आदरच जास्त होता.

असं दहा मिनिटं चाललं. लोक कार्ड बघत, आन्सेल्मच्या खांद्यावर थाप मारून “शाबास” म्हणत आणि पुढं होऊन मार्सेलीनशी हात मिळवत. शेजारच्या गावच्या समितीनं तिला शनिवारी बोलावलं. कुणीतरी आन्सेल्मला विचारलं, “असे गुरू मिळायला नशीब लागतं, नाही का?” तिथं मात्र आन्सेल्मच्या आतला बांध फुटला.

“मीच करतो,” तो म्हणाला.

“काय करतोस?” बार्नाबेनं विचारलं.

“कार्डं. सगळी. आठ वर्षं मीच करतोय. ती कोंबडी माझी. तुझ्या नातीच्या बाप्तिस्म्याचा पाळणा माझा. मादामच्या भिंतीवरचं झाडही माझंच.”

बार्नाबे हसायला लागला आणि सगळं छप्पर त्याच्या मागं हसलं. तो हसता हसता बाकावर बसला. “पाऊण तास झालाय लेका, आणि आठ वर्षांचा दावा सांगतोस?”

“मार्सेलीन, सांग यांना.”

मार्सेलीन उठून उभी राहिली. या क्षणाची ती आठ वर्षं वाट बघत होती. “खरं सांगतोय तो,” ती म्हणाली. “मला साधी घडी घालता येत नाही. मी एकही कार्ड केलेलं नाही.”

“बघा,” मादाम कास्तानिए लोकांकडे वळून म्हणाल्या आणि त्यांनी रुमाल काढला. “नवऱ्याची लाज राखायला बाई काय काय बोलतेय.”

“अहो, माझा हातही ठीक आहे.” मार्सेलीननं दातांनी गाठ सोडली, भराभर बँडेज उलगडलं आणि उजवा हात वर धरून पाचही बोटं हलवून दाखवली. “मी पडलेच नव्हते. मस्यू, तुमच्या पायरीचा काही दोष नाही. मला माफ करा.”

गुहेचा व्यवस्थापक उठला. “पाहिलंत?” तो म्हणाला. “माझ्या गुहेचं नाव खराब होऊ नये, म्हणून या बाई दुखरा हात हलवून दाखवतायत.” त्यानं तो हात हळुवारपणे धरला आणि पुन्हा रुमालात ठेवला.

आता आन्सेल्मला घाम फुटला. “मला कागद द्या,” तो म्हणाला. “इथंच दुसरं करून दाखवतो.”

“कर की,” बार्नाबे म्हणाला. “पण मार्सेलीननं बोलायचं नाही.”

कागद आला. सगळं गाव टेबलाभोवती गोळा झालं होतं, बार्नाबेची हनुवटी आन्सेल्मच्या खांद्यापासून वीतभर होती आणि त्याच्या तोंडाला सॉसेजचा वास येत होता. आन्सेल्मनं सुरी उचलली. रागाच्या भरात त्यानं ती जरा जास्तच दाबून धरली. पहिली खिडकी जमली. दुसऱ्या खिडकीला पातं सटकलं आणि बुरुज मुळापासून तुटून टेबलावर आडवा झाला.

बार्नाबेनं तो दोन बोटांनी उचलला आणि मार्सेलीनच्या समोर ठेवला. “तुझ्याशिवाय याचं काही खरं नाही गं,” तो म्हणाला.

सुट्टीचे उरलेले दिवस मार्सेलीननं वहीत लिहिल्याप्रमाणे बघण्यात घालवले. मठ पाहिला, शेळ्यांचं चीज करणारं शेत पाहिलं. शनिवारी शेजारच्या गावात जाऊन आन्सेल्मकडून आणखी एक कार्ड करवून घेतलं, कारण नाही म्हणण्याचे सगळे मार्ग त्यांनी बुधवारीच वापरून टाकले होते. घरी परतताना गाडी तीच चालवत होती. बराच वेळ आन्सेल्म खिडकीबाहेरच्या सूर्यफुलांकडं बघत बसला होता.

“वाईट वाटलं?” तिनं विचारलं.

“नाही.”

“वाटलंय.”

“थोडंसं,” तो म्हणाला. “खरं बोललो तरी कुणाला पटत नाही, हे विचित्र आहे.”

“मला आठ वर्षं असंच विचित्र वाटत होतं. खोटं बोलले की लगेच पटायचं.” तिनं वळणावर वेग कमी केला. “पण तुला खरं सांगू? शिकवताना मला मजा आली. बस चालवायचे तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.”

आन्सेल्मनं खिडकीची काच खाली केली. थोड्या वेळानं म्हणाला, “‘वळणावर वेग कमी’ हे चांगलं होतं. मी ते कधी तसं म्हटलं नव्हतं.”

सप्टेंबरात बार्नाबेच्या बायकोनं गावातल्या बायकांशी बोलून ठरवलं आणि दर गुरुवारी दुपारी रूबोंच्या स्वयंपाकघरात वर्ग सुरू झाला. बार्नाबे, नवरीबाई आणि तिसरा भिडू नाक मुरडत आले, टोप्या न काढता बसले. मार्सेलीन टेबलाच्या टोकाला उभी राहून समोर बघायला, इकडंतिकडं न बघायला आणि वळणावर वेग कमी करायला सांगे. आन्सेल्म बाकावर चौथा. आदल्या रात्री तिला धडा तोच समजावून सांगे, आणि वर्गात प्रश्नही तोच विचारी, म्हणजे तिला उत्तर देता यावं. तिसऱ्या गुरुवारी बार्नाबेनं टोपी काढून बाजूला ठेवली. पाचव्या गुरुवारी, बाकीचे निघून गेल्यावरही, तो तासभर कापत बसला होता, जीभ दातांत धरून.

नोव्हेंबरात पोस्टमननं एक जाड पाकीट आणलं. बार्नाबेचं घर दोन गल्ल्या पलीकडं, तरी त्यानं पोस्टानं पाठवलं होतं. आत त्याचं पहिलं कार्ड होतं. उघडल्यावर त्यातून एक ट्रॅक्टर उभा राही, जरा डावीकडं कललेला, पण चारही चाकांवर. आत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आमच्या गुरू मादाम मार्सेलीन यांना, आदरपूर्वक.’ आणि खाली, लहान अक्षरात, ‘आन्सेल्मलाही सांग. मन लावून बसला तर एक दिवस त्यालाही जमेल.’

आन्सेल्मनं ते दोनदा वाचलं. मग त्यानं चष्मा लावून ट्रॅक्टर बारकाईनं पाहिला, खालून, वरून, आतून. घडी कागदाच्या धाग्याच्या उलट घातलेली होती, म्हणून तो कलत होता. त्यानं हाडाच्या पट्टीनं घडी एकदा हलकेच दाबली, ट्रॅक्टर थोडा सरळ झाला, आणि त्यानं तो स्वयंपाकघराच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.